दादांचं वजन

शिरीषभावजी,

सगळ्यात आधी लोक एकच विचारतात, विमानात का? मी सांगते, नाही, दुकानात. खुर्चीत बसल्या जागी, समोर चहा, पायातल्या चपला काढून टेबलाखाली सरकवलेल्या. हे ऐकलं की समोरच्याचा चेहरा किंचित पडतो, जणू तुम्ही त्यांचा विरस केलात. इतकी वर्षं लहान विमान चालवणारा माणूस जमिनीवर, चहाचा घोट घ्यायच्या आधी जातो, हे त्यांना पटत नाही. तुम्हाला पटलं असतं. तुम्ही म्हणायचात, वर काही होत नाही वहिनी, जे काय व्हायचं ते दिलसुखनगरचा चौक ओलांडताना होतं.

तेरावं झालं. पाहुणे गेले. दुकानाची किल्ली तुमच्या भागीदाराकडे दिली. तुमच्या वरच्या फ्लॅटचं पाणी मुख्य तोटीपासून बंद केलं, फ्रिज रिकामा करून त्याचं दार उघडं ठेवलं. लिफ्ट दुरुस्तीची हत्यारं तुमच्याच माणसांनी आपसांत वाटून घेतली, भांडण झालं नाही. गॅलरीतली जास्वंद खाली आमच्याकडे आणली. तिला पहिल्या मजल्यावरचं ऊन पुरतं की नाही ते बघायचं आहे. कामं फार उरली नाहीत.

हे लिहिणं त्या कामांत नव्हतं. केतकी म्हणाली, आई, मंडळाच्या अंकात काकांवर तूच लिही, तू नीट लिहिशील. नीट म्हणजे क्रमवार, असं माझ्या लेकीला म्हणायचं असावं. तसं मी लिहीत नाही. जन्म, शिक्षण, धंदा हे ज्यांना हवं त्यांना माहीत आहे. मी एका रविवारबद्दल लिहिणार आहे, आणि जो आलाच नाही अशा दुसऱ्या एका रविवारबद्दल.

तुम्ही विमान शिकायचं काढलंत तेव्हा आपण अजून गौलीगुड्याच्या भाड्याच्या घरात होतो. तुमची चाळिशी जवळ आलेली. सासूबाई म्हणाल्या, ह्याला लग्न कर म्हटलं तर हा विमान करतोय. बाकी सगळे हसले. तुमचे दादा, म्हणजे आमचे हे, हसले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं की सकाळी किती वाजता जावं लागेल. अंधार असताना तुम्ही एकट्याने स्कूटरवरून नादरगुलच्या धावपट्टीपर्यंत जाऊ नये, म्हणून ते स्वतः तुम्हाला मागे बसवून न्यायचे आणि तिथून परत येऊन ऑफिसला जायचे. त्यांना धावपट्टीच्या आत सोडत नसत. समोरच्या टपरीवर ते चहा घेऊन पेपर वाचत बसायचे. तुमचं विमान वर गेलं की पेपर मिटायचा आणि खाली आलं की उघडायचा. हे मला टपरीवाल्याने सांगितलं. ते स्वतः कधी बोलले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, ऊन डोळ्यांवर येतं तेव्हा वाचता येत नाही.

लायसन्स मिळालं आणि तुम्ही माणसं न्यायला लागलात. फ्लाइंग क्लबचं विमान, चार जागा, त्यातली एक तुमची. मित्र, भाचे, शेजारी, दुकानातले लोक. सकाळी लवकर वर जायचं, तळी आणि खडक दाखवायचे, रिंग रोडला वळसा घालून परत. पहिल्यांदा सुलभामावशींचा नंबर लागला. तुम्ही त्यांना वजन विचारलंत आणि त्यांनी स्वतःच्या लग्नातलं वजन सांगितलं. विमान तुमचं ऐकेना, धावपट्टी संपत आली तेव्हा कुठे वर उठलं. त्या दिवशी घरी येऊन तुम्ही ताट वाढायच्या आधी मला म्हणालात, "वहिनी, इथून पुढे वजनं तुमच्याकडे."

मी सुलतान बाजारातून वजनकाटा आणला. शनिवारी संध्याकाळी, जे उद्या जाणार ते सगळे आपल्या हॉलमध्ये. चपला घालून, पर्स घेऊन, खिशात जे असेल त्यासकट काट्यावर उभं राहायचं. आकडा फक्त मी बघणार आणि फक्त तुम्हाला सांगणार. बाकीचे नियमही मीच केले. सकाळी हलकं खायचं, डोसा नको. पदर खोचलेला हवा. बाथरूमला जाऊन यायचं. प्लॅस्टिकची पिशवी प्रत्येकाच्या हातात द्यायची आणि ती कशासाठी हे सांगायचं नाही. सुलभामावशी दुसऱ्यांदा गेल्या तेव्हा पर्समधून शंकरपाळ्यांचा स्टीलचा डबा निघाला. मी म्हटलं, मावशी, अर्ध्या तासाचं काम आहे. त्या म्हणाल्या, भूक काय घड्याळ बघून लागते? डबा मी ठेवून घेतला. उतरल्यावर त्यांनी पहिला तोच मागितला.

मलाही तुम्ही नेलंत. माझा आकडा मीच बघितला आणि मीच तुम्हाला सांगितला, दोन किलो कमी करून. तुम्ही मान डोलावलीत आणि इंधन थोडं कमी भरायला सांगितलंत. तेव्हा मला कळलं की तुम्ही सगळ्यांच्या आकड्यांत तेवढं धरूनच चालता. वर गेल्यावर मला आपला भाग ओळखू आला तो गच्च्यांवरच्या काळ्या टाक्यांवरून. मी तळी मोजत होते, तुम्ही काहीतरी सांगत होतात, आणि खाली यायला लागलो तसे तुम्ही गप्प झालात. चाकं टेकेपर्यंत एक शब्द नाही. नंतर मी विचारलं, तर म्हणालात, उतरताना बोलायचं नसतं.

एवढे लोक जाऊन आले, पण दादा गेले नाहीत. त्यांना नको होतं असं नाही. दर वेळी त्यांचं ठरायचं आणि दर वेळी कुणीतरी यायचं. नागपूरहून मावसभाऊ आला, त्याला जाऊ दे. शेजारचे रेड्डीगारू रिटायर झाले, त्यांना जाऊ दे. "मी घरचाच आहे, मी काय कधीही जाईन," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तुम्ही वैतागायचात. मीही. पण ते मोठे, आणि मोठ्याने आधी पाहुण्यांना वाढायचं, हे तुमच्या घरात विमानालाही लागू होतं.

मग केतकीचं लग्न ठरलं. नांदेडहून तिचे होणारे सासू-सासरे आले. आणि दादांनीच सुचवलं की रविवारी शिरीष आम्हाला तिघांना वर नेईल, व्याही, विहीणबाई आणि मी. ते स्वतःला धरून बोलले, हे मी पहिल्यांदा ऐकलं. दुपारी ते सुलतान बाजारात जाऊन काळा चष्मा घेऊन आले. आरशासमोर लावून बघितला, मी खोलीत गेले तर काढून खिशात ठेवला.

शनिवारी संध्याकाळी मी काटा बाहेर काढला. दादांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं की हे काय चाललंय. मी म्हटलं, वजनं. ते म्हणाले, "व्याह्यांना काट्यावर उभं करणार? किराणा आहे का तो? काही परेशान करू नको त्यांना." मी सांगून बघितलं. म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा आहे, तुम्हालाही आहे. ते म्हणाले, मुलीकडचे आहोत आपण. मग त्यांनीच व्याह्यांना बोलता बोलता विचारलं. व्याही म्हणाले, पंचाहत्तर असेन. विहीणबाईंना तर कुणी विचारलंच नाही. दादांनी अंदाज सांगितला आणि मी तो तुम्हाला सांगितला, कुणाचा अंदाज आहे तेही सांगितलं. तुम्ही म्हणालात, बघू सकाळी.

सकाळी उशीर झाला. व्याह्यांना पूजा केल्याशिवाय बाहेर पडता येत नव्हतं, आणि विहीणबाईंनी रेणुकामातेचा नारळ, ओटीचं सामान आणि पाहुण्यांकडे रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून एक पिशवी भरून चिवडा बरोबर घेतला होता. पाहुणे म्हणजे विमानतळावरचे लोक. आम्ही पोचलो तोवर ऊन चढलं होतं. उन्हाळ्यात हवा तापली की विमानाला उचलायला जास्त जड जातं, हे मला तुम्हीच शिकवलं होतं. मी कुंपणाबाहेर उभी होते. व्याही चालत येताना तुम्ही त्यांच्याकडे बघितलंत तेव्हाच मला कळलं. पंचाहत्तरचा माणूस तसा चालत नाही.

मागे व्याही आणि विहीणबाई बसले. पुढे तुमच्या शेजारी दादा. पट्टा लावला होता, चष्मा डोळ्यांवर होता. माझ्याकडे बघून त्यांनी हात केला. तुम्ही विमानाभोवती एक चक्कर मारलीत, इंधनाची कांडी तपासलीत, पुन्हा मागच्या सीटकडे बघितलंत. मग त्यांच्या दारापाशी जाऊन म्हणालात,

"दादा, तू उतर."

एवढंच. कारण नाही, आवाज चढवणं नाही. दादांनी तुमच्याकडे बघितलं. पट्टा सोडायला त्यांना वेळ लागला, मग पाय बाहेर काढायला. त्यांची उंची तुम्हाला माहीत आहे. चाकाच्या दांड्यावरून उतरताना ते जवळजवळ पडले, तुम्ही हात दिलात, तो त्यांनी घेतला नाही. माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. विमान गेलं, व्यवस्थित वर गेलं, व्यवस्थित खाली आलं. त्या वेळात त्यांनी एकदाही वर बघितलं नाही.

व्याह्यांचं मात्र सोनं झालं. त्यांना वाटलं, दादांनी आपल्याला मोकळं बसता यावं म्हणून जागा सोडली. आजही नांदेडला दिवाळीत चार लोक जमले की ते ही गोष्ट सांगतात. स्वतः दाराबाहेर उभे राहिले हो, आम्हाला बसवलं, असं मन पाहिजे. दादा तिथे असले तर त्यांना पाणी प्यायला उठावं लागतं.

त्यानंतर तुमच्या दोघांत भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. पाण्याची मोटर, सोसायटीची मीटिंग, लग्नाचा हॉल, सगळ्यावर बोलणं होत होतं. केतकीच्या लग्नात तुम्ही दोघांनी एकाच पंगतीत वाढलंत. फक्त विमान हा शब्द निघाला की दादा ताटावरून उठायचे. तुम्ही पुढच्याच आठवड्यात निरोप पाठवलात, दादाला एकट्याला नेतो, आम्ही दोघंच. मी तो सांगितला. ते म्हणाले, "मला उरलेल्या जागेत बसायची हौस नाही." तुम्ही पुन्हा विचारलंत, दसऱ्याला विचारलंत, त्यांच्या वाढदिवसाला विचारलंत. मग थांबलात.

माझा तुमच्याशी वाद तेव्हा सुरू झाला आणि तो अजून संपलेला नाही. तुम्ही नाही म्हणून मी तो सोडणार नाही. मी तुम्हाला जिन्यात गाठून विचारलं होतं की व्याह्यांना का नाही उतरवलं. जास्तीचं वजन त्यांचं होतं. चिवडा त्यांचा होता. नाहीतर सगळ्यांनाच परत पाठवायचं, म्हणायचं इंजिन बिघडलंय. तुम्ही म्हणालात, विमानाबद्दल खोटं बोलायचं नाही. मग म्हणालात, "उतर असं घरच्याच माणसाला म्हणता येतं, वहिनी."

मला ते पटलं नाही. मी म्हटलं, घरच्याच माणसाला म्हणता येतं म्हणून सगळं घरच्यानेच सोसायचं? पाहुण्यांना दहा मिनिटं वाईट वाटलं असतं. ह्यांना किती दिवस वाटतंय ते बघताय ना?  एक गोष्ट मात्र तुम्ही सहज बोलू शकला असतात आणि बोलला नाहीत. काट्याला नको कोण म्हणालं होतं? दादाच. तुम्हाला ते माहीत होतं, मीच सांगितलं होतं. एका वाक्यात तुम्ही मोकळे झाला असतात. मी म्हटलं, तुम्ही नाही तर मी सांगते. तुम्ही म्हणालात, नक्को. आणि मी जे बोललो तेही त्याला सांगू नका. सांगून कळण्यासारखं असेल तर त्याला आधीच कळलं असेल.

या गप्प बसण्याबद्दल मी तुमचे आभार मानले नाहीत. तेव्हा मला त्याचा रागच आला होता. आता दोन्ही आहे.

मग तुमची ती सवय लागली. महिन्यातून एकदा, कधी वाटी परत द्यायला, कधी कढीपत्ता न्यायला, तुम्ही आमच्या दारात यायचात. दादा बाहेर असतील अशी वेळ बघून. जाता जाता विचारायचात, दादाचं वजन किती? पहिल्यांदा मला वाटलं टोमणा आहे. मग लक्षात आलं की हा माणूस दादा कसे आहेत असं विचारू शकत नाही, कारण एका मजल्याच्या अंतरावर राहून असं विचारलं तर मी म्हणेन, आत जाऊन बघा. वजन विचारता येतं. वजन माझ्या खात्यातलं आहे.

आणि सांगण्यासारखं होतंही. दादा त्या उन्हाळ्यापासून चालायला लागले होते. सरूरनगर तलावाच्या कडेने, रोज. मला सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलंय. डॉक्टरांनी ते केतकी शाळेत असताना सांगितलं होतं. रात्रीचा भात बंद झाला. इराणी चहाबरोबरची बिस्किटं बंद झाली, ते मला जास्त गंभीर वाटलं. सकाळी चालून आले की कुणी नाही असं बघून काट्यावर उभे राहायचे. काटा मी मुद्दाम बाथरूमच्या दारापाशी हलवला, म्हणजे त्यांना हॉलमध्ये यावं लागणार नाही. नव्वदच्या वरून ते हळूहळू खाली येत होते. आकडा मी तुम्हाला सांगायचे, तुम्ही "हौ का" म्हणायचात आणि कढीपत्ता घेऊन वर जायचात.

खरं तर याची काही गरज नव्हती. तुम्ही दोघंच गेला असतात तर दादांना होतं त्या वजनासकट विमानाने आनंदाने उचललं असतं. हे तुम्हाला माहीत होतं, मला माहीत होतं, त्यांनाही होतं. पण त्यांना अशा अवस्थेत जायचं होतं की कुणीही कुठल्याही कारणाने उतर म्हणू शकणार नाही. माणूस कशासाठी वजन कमी करेल याची यादी केली तर हे कारण त्यात कुणाला सुचणार नाही.

आता त्या दुसऱ्या रविवारबद्दल. सोमवारी रात्री जेवताना दादा ताटाकडे बघत म्हणाले, त्याला विचार, ह्या रविवारी जागा आहे का. मी विचारलं, कुणाला हवीये? ते म्हणाले, "कुणाला म्हणजे काय? विचार फक्त. नाव सांगू नको. गेटवर बघेल तो." एवढं बोलून त्यांनी ताक मागितलं. मी ताक आणायला गेले आणि जरा वेळ आतच थांबले.

मंगळवारी तुम्ही दुकानात जायला जिना उतरत होतात तेव्हा मी दारात उभी राहिले. म्हटलं, रविवारी एका माणसाला जागा हवी आहे. तुम्ही म्हणालात, वजन? मी म्हटलं, ब्याऐंशी. तुम्ही दोन पायऱ्या खाली गेला होतात, तिथेच थांबलात. मला वाटलं, आता नाव विचारणार. गेटवर आधी नाव द्यावं लागतं, म्हणून तुम्ही नेहमी विचारायचात, आणि मी एका दूरच्या भाच्याचं नाव तयार ठेवलं होतं. तुम्ही विचारलं नाहीत. म्हणालात, बरं. नाश्ता हलका करायला सांगा. आणि गेलात. मी मनात म्हटलं, घाई दिसते.

गुरुवारी दुकानातून फोन आला.

रविवारी घरात माणसं होती, रडणं होतं, सतरंज्या होत्या. दादा सकाळी लवकर उठून नेहमीसारखे चालून आले. आल्यावर काट्याकडे गेले नाहीत.

काल आम्ही दोघं नादरगुलला गेलो. तुमचा हेडफोन, टोपी आणि लॉकरमधलं सामान आणायचं होतं. मी एकटी जाणार होते. रिक्षा बोलवायच्या आधी दादा बूट घालून दारात उभे होते. टपरी अजून आहे, टपरीवाल्याचा जावई बसतो. दादा तिथे थांबले नाहीत. त्या रविवारनंतर पहिल्यांदा ते सरळ आत आले, हँगरपर्यंत.

युसुफभाई भेटले. तुमच्या विमानाचे मेकॅनिक म्हणून तुम्ही त्यांच्याबद्दल नेहमी बोलायचात. त्यांनी सामान काढून ठेवलं होतं, टोपी घडी करून पिशवीत घातली होती. दादांकडे त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "आप बड़े भाई हैं ना?" दादांनी मान हलवली. युसुफभाई आम्हाला विमानापाशी घेऊन गेले. ते तपासणीसाठी उभं होतं, तुमच्यानंतर उडालेलं नव्हतं. त्यांनी उजवं दार उघडलं.

"साब बुध को आए थे, भाभी. बोले, युसुफ मियाँ, इतवार को हमारे दादा आ रैं. लंबे आदमी हैं, सीट पूरी पीछे लेलो. मैं कर दिया. फिर भी खुद बैठ को देखे, पाँव लंबे कर को."

दादा माझ्याकडे वळले. "सांगितलंस तू?"

"नाव नाही सांगितलं. वजन तेवढं सांगितलं."

"वजनावरून कसं कळेल?"

तेव्हा मी सांगितलं की तुम्ही दर महिन्याला विचारायचात. कढीपत्त्याचं सांगितलं. दादांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे नावच सांगितलंस की." त्यांना हसू आलं असावं, तसा आवाज निघाला.

ते आत चढून बसले. कुणी बसा म्हटलं नव्हतं. पाय सरळ झाले, गुडघे कुठे टेकले नाहीत. समोरच्या काचेतून हँगरची भिंत दिसत होती, तिच्यावर कुणीतरी वाळत घातलेला मेकॅनिकचा निळा कोट. तेवढंच बघत ते बसले. खिशातून तो काळा चष्मा निघाला. लावला नाही, हातात धरला. मग म्हणाले, "व्याह्यांना काट्यावर उभं करू नको, हे मीच म्हणालो होतो त्या वेळी. त्याला माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलला का नाही?"

आता तुम्ही मना करायला नव्हतात. मी सांगितलं. उतर असं घरच्याच माणसाला म्हणता येतं, असं म्हणाले होते भावजी.

 दादांनी पट्टा ओढून लावला, पुन्हा सोडला. शेजारच्या तुमच्या सीटवर हात ठेवला, पाठीवर ठेवतात तसा. मी युसुफभाईंशी तुमच्या हेडफोनच्या वायरबद्दल बोलत राहिले, त्याबद्दल बोलण्यासारखं काही नव्हतं.

वाद माझा अजून तुमच्याशी आहे. तुम्ही व्याह्यांना उतरवायला हवं होतं, हे माझं मत मी बदललेलं नाही. पण तुम्ही उतर म्हणालात ते ज्याला हक्काने म्हणता येतं त्यालाच म्हणालात, आणि ज्याच्यासाठी सीट मागे करायची त्याच्यासाठीच केलीत, एवढं मला काल तिथे उभं राहून दिसलं. कोण येणार ते ओळखलंय, एवढं तरी तुम्हाला मंगळवारी जिन्यात सांगता आलं असतं. मी दारातच तर उभी होते.

युसुफभाईंना इंजिन चालवून बघायचं होतं. विमान बाहेर ढकलायला दोन माणसं येऊन बाजूला थांबली होती, कुणाची बोलायची हिंमत नव्हती. दादांनी त्यांना बघितलं. पाय बाहेर काढला, दांड्यावर ठेवला आणि सहज, कुणाचा हात न घेता उतरले. या वेळी त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. 

टपरीवर मात्र थांबलो. त्यांनी चहा घेतला, बिस्किट घेतलं नाही. पेपर होता, तो उघडला नाही. विमान बाहेर आणलं होतं, इंजिनाचा आवाज येत होता, तो थांबेपर्यंत बसले.

बाकी सगळं ठीक आहे. टोपी कुणाला द्यायची ते ठरलेलं नाही, सध्या आमच्याकडे आहे. जास्वंदीला नवी पानं आली आहेत. आज सकाळी दादा पुन्हा काट्यावर उभे राहिले. तुम्ही विचारलं असतं म्हणून सांगते, ऐंशीच्याही खाली गेलं आहे. हे चालण्यामुळे नाही.